फाइलचं नाव बदलताना एक्स्टेन्शन सांभाळा

ऑनलाइन अर्ज भरताना हमखास येणारी ही अडचण. पोर्टलला फोटो जेपीजी हवा असतो आणि आयफोनवरून कॉम्प्युटरवर घेतलेला फोटो निघतो एचईआयसी या वेगळ्याच प्रकारचा. मग कुणीतरी सुचवतं, "नाव बदल, शेवटी जेपीजी लिही, झालं काम." नाव बदललं जातं. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर कदाचित उघडतोही. पोर्टल मात्र तो घेत नाही, आणि अर्जाची मुदत तर रात्री बाराला संपत असते. अशा वेळी दोष इंटरनेटचा नसतो, पोर्टलचाही नसतो. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही, एवढी एकच गोष्ट माहीत नसते. ती नीट समजली की फाइलींच्या निम्म्याहून जास्त कटकटी आपल्या आपणच सोडवता येतात, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे असतं ते एक्स्टेन्शन. 'निकाल.पीडीएफ' मध्ये पीडीएफ, 'सहल.जेपीजी' मध्ये जेपीजी. (इथे सगळं देवनागरीत लिहिलं असलं तरी कॉम्प्युटरवर ही एक्स्टेन्शन्स इंग्रजी अक्षरांतच असतात आणि तशीच टाइप करायची.) विंडोज हे एक्स्टेन्शन वाचतं आणि ठरवतं की फाइलला चित्र कोणतं लावायचं आणि डबल क्लिक केल्यावर कोणतं सॉफ्टवेअर उघडायचं. फाइलच्या आतला मजकूर, फोटो, आवाज यांच्याशी त्या तीन-चार अक्षरांचा थेट संबंध नसतो.

तीन अक्षरांची सवय जुन्या दिवसांतली आहे. एमएस-डॉसमध्ये नावाला जास्तीत जास्त ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शनला ३, एवढीच जागा होती. विंडोज ९५ आल्यावर लांब नावं देता येऊ लागली, पण 'जेपीईजी' चं 'जेपीजी' आणि 'एचटीएमएल' चं 'एचटीएम' झालेलं रूप अजून टिकून आहे.

पहिली पायरी: एक्स्टेन्शन दिसू द्या

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स मुळातच लपवून ठेवतं. माझ्या मते नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ याच सोयीमुळे होतो, त्यामुळे नवा कॉम्प्युटर हातात आला की आधी ही सेटिंग बदलावी.

विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडा. वरच्या पट्टीत 'व्ह्यू' वर क्लिक करा, खाली 'शो' वर जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' च्या टॅबवरच त्या नावाचा चौकोन दिसतो, त्यात टिक करायची. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स' निवडा. हे एकदा केलं की पुरतं.

हे का गरजेचं, ते पाहा. एक्स्टेन्शन लपलेलं असताना तुम्हाला 'फोटो' एवढंच दिसतं. खरं नाव असतं 'फोटो.एचईआयसी'. तुम्ही नाव बदलून 'फोटो.जेपीजी' लिहिता. विंडोज ते फक्त पुढचं नाव समजतं आणि फाइल होते 'फोटो.जेपीजी.एचईआयसी'. स्क्रीनवर दिसतं 'फोटो.जेपीजी'. म्हणजे इथे एक्स्टेन्शनसुद्धा बदललेलं नाही, आणि आपल्याला मात्र वाटतं की काम झालं. नोटपॅडमध्ये वेबपेज लिहून 'पान.एचटीएमएल' नावाने सेव्ह केल्यावर ते 'पान.एचटीएमएल.टीएक्सटी' होतं, तेही याच जातीचं. तिथे सेव्ह करताना खालच्या 'सेव्ह अ‍ॅज टाइप' मध्ये 'ऑल फाइल्स' निवडायचं.

दुसरी पायरी: नाव बदलायची रीत

फाइल निवडा आणि एफ-२ दाबा. एक्स्टेन्शन दिसत असेल तर विंडोज फक्त टिंबाआधीचं नाव निळं करतं. तेवढ्यावरच टाइप करा आणि एंटर दाबा. टिंबाला आणि त्यापुढच्या अक्षरांना हात लावायचा नाही. मॅकवर एफ-२ ऐवजी रिटर्न दाबायचं.

चुकून एक्स्टेन्शन पुसलं किंवा बदललं तर विंडोज विचारतं की असं केल्याने फाइल निरुपयोगी होऊ शकते, नक्की बदलायचं का? इथे सवयीने 'येस' दाबू नका. दाबलंच गेलं तर लगेच कंट्रोल आणि झेड, जुनं नाव परत येतं. तेही जमलं नाही तर हाताने पुन्हा जुनं एक्स्टेन्शन लिहा. आतला मजकूर जसाच्या तसा असतो, त्यामुळे फाइल पुन्हा पूर्वीसारखी उघडते. एक्स्टेन्शन पुसलं गेलं म्हणून फाइल 'उडाली' समजून डिलीट करणारी माणसं आहेत. कृपा करून तसं करू नका.

मोबाइलवर जास्त जपावं लागतं. बऱ्याच फाइल मॅनेजर अ‍ॅपमध्ये 'रीनेम' केल्यावर पूर्ण नाव एकाच चौकटीत येतं. आपण सगळं पुसून 'आईचे रिपोर्ट' लिहितो, त्यात .पीडीएफ जातं आणि फोन म्हणतो की ही फाइल उघडता येत नाही. पुन्हा रीनेममध्ये जाऊन शेवटी .पीडीएफ जोडलं की रिपोर्ट उघडतात.

फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असेल तर बऱ्याचदा विंडोज नाव बदलू देत नाही. आधी ती बंद करा.

आणखी एक शंका बऱ्याच जणांना असते. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचं नाव बदललं तर पासवर्ड बदलतो का? नाही. आधारवरच्या तुमच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष, हाच पासवर्ड राहतो. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं नाव बदललं तरी सहीला धक्का लागत नाही. सही फाइलच्या आत असते.

आत काय आहे ते स्वतः पाहा

यावर नुसता विश्वास ठेवण्यापेक्षा एक प्रयोग करून बघा. वर्डची एखादी फाइल घ्या, जिच्यात दोन-तीन फोटो टाकलेले आहेत. तिची कॉपी करा, प्रयोग कॉपीवरच करायचा. कॉपीचं एक्स्टेन्शन .डॉक्स आहे ते बदलून .झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) करा, विंडोजचा इशारा मान्य करा आणि फाइल उघडा. वर्डऐवजी फोल्डर उघडेल. त्यात 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया' नावाचं फोल्डर, आणि त्यात तुमचे फोटो सुटे सुटे ठेवलेले दिसतील.

म्हणजे वर्डची .डॉक्स फाइल मुळात झिपच आहे. ऑफिस २००७ पासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या नव्या फाइली अशाच बांधलेल्या असतात. आपण फक्त विंडोजला सांगितलं की ही झिप म्हणून उघड. कुणी वर्डमध्ये फोटो चिकटवून पाठवले आणि आपल्याला ते वेगळे हवे असले, तर ही युक्ती रोजच्या कामाला येते. नाव पुन्हा .डॉक्स केलं की तीच फाइल परत वर्डमध्ये उघडते.

आता पुढचा भाग. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीलाच त्यांची ओळख लिहिलेली असते. कोणत्याही पीडीएफच्या कॉपीवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ' मधून नोटपॅड निवडा. (तिथे 'ऑलवेज' निवडू नका, नाहीतर सगळ्या पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडायला लागतील.) अगम्य अक्षरांचा ढीग दिसेल, पण पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे 'पीडीएफ' ही तीन अक्षरं स्पष्ट असतील. झिप आणि .डॉक्स 'पीके' ने सुरू होतात, झिप प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. पीएनजीच्या सुरुवातीला 'पीएनजी' दिसतं, जेपीजीच्या पहिल्या ओळीत बहुधा 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ'. आयफोनच्या एचईआयसी फोटोत सुरुवातीच्याच अक्षरांत बहुधा 'एचईआयसी' वाचता येतं, मग त्याचं नाव तुम्ही .जेपीजी करा नाहीतर काहीही करा. पाहून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा, सेव्ह केलंत तर ती कॉपी खराब होईल.

पोर्टल तुमचा फोटो का नाकारतं, याचं उत्तर इथे मिळतं. पुष्कळ पोर्टल्स नाव बघून थांबत नाहीत, ही सुरुवातीची अक्षरंही तपासतात. उलट ब्राउझर आणि फोटो दाखवणारी बरीच सॉफ्टवेअर्स चुकीचं एक्स्टेन्शन असलं तरी आतली ओळख बघून फोटो दाखवून टाकतात. म्हणून 'माझ्याकडे तर उघडतोय' हे खरं असतं आणि तरीही फाइल चुकीच्या प्रकारची असते.

प्रकार बदलायचा तर असा

प्रकार खरोखर बदलायचा असेल तर फाइल तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्या प्रकारात सेव्ह करावी लागते. वर्डच्या फाइलचं पीडीएफ करायचं तर वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' आणि प्रकार पीडीएफ. पीएनजीचं जेपीजी करायचं तर पेंटमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जेपीईजी. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र .वेबपी निघालं तरी हेच.

एचईआयसीसाठी मूळ उपाय आयफोनवरच आहे. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'. यापुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील. २०१७ च्या आयओएस ११ पासून अ‍ॅपलने जागा वाचवण्यासाठी एचईआयसी आणलं, पण आपल्याकडच्या अर्जांना ते अजून चालत नाही. आधी काढलेला फोटो लगेच हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो म्हणून पाठवा, तो जेपीजी होऊन येतो. थोडा बारीक होतो, पण अर्जातल्या पासपोर्ट साइज फोटोला पुरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मात्र एचईआयसीच राहतो.

नुसतं एक्स्टेन्शन बदलून भागतं अशा जागा थोड्या आहेत. .जेपीईजी चं .जेपीजी, .एचटीएम चं .एचटीएमएल, कारण प्रकार एकच, नावं दोन. स्वल्पविरामांनी वेगळी केलेली यादी असलेल्या .टीएक्सटी चं .सीएसव्ही, कारण दोन्ही साधा मजकूर. आणि हरवलेलं एक्स्टेन्शन परत जोडणं. बाकी .डॉक चं .पीडीएफ, .एमपी४ चं .एमपी३, .एक्सएलएस चं .एक्सएलएसएक्स, यातलं काहीही नाव बदलून होत नाही.

डाउनलोड अर्धवट राहिलं की क्रोम फाइलला .सीआरडाउनलोड लावतं, फायरफॉक्स .पार्ट. ते काढून .पीडीएफ केलं म्हणून राहिलेली फाइल खाली उतरत नाही. पुन्हा डाउनलोड करा.

एक्सेलचा एक प्रकार ऑफिसात काम करणाऱ्यांना वारंवार दिसतो. एखाद्या संकेतस्थळावरून .एक्सएलएस अहवाल उतरवला की उघडताना एक्सेल सांगतं, फाइलचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही. बहुतेक वेळा आत एक्सेलची फाइल नसतेच, वेबपेजवरचा तक्ता असतो आणि त्याला .एक्सएलएस नाव दिलेलं असतं. फाइल तुम्ही स्वतः खात्रीच्या ठिकाणाहून घेतली असेल तर 'येस' म्हणा आणि लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करून .एक्सएलएसएक्स मध्ये ठेवा. हे न करता तशीच फाइल पुढे पाठवली की समोरच्याला तोच इशारा दिसतो आणि तो घाबरून फोन करतो.

एक्स्टेन्शनच नसलेली फाइल आली तर? आधी पाठवणाऱ्याला विचारा, तो सगळ्यात सरळ मार्ग. तो सांगू शकत नसेल तर कॉपी करून नोटपॅडमध्ये सुरुवातीची अक्षरं बघा. 'पीके' दिसलं तर आधी .झिप करून आत डोकवा. 'वर्ड' नावाचं फोल्डर असेल तर .डॉक्स, 'एक्सएल' असेल तर .एक्सएलएसएक्स, 'पीपीटी' असेल तर .पीपीटीएक्स. सुरुवातीला 'एमझेड' दिसलं तर तिथेच थांबा. तो विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे, उघडायचा नाही.

दोन टिंबं असलेल्या फाइली

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला. ईमेलबरोबर आलेल्या फाइलच्या नावात शेवटी .टीएक्सटी.व्हीबीएस होतं. विंडोजने .व्हीबीएस लपवलं, लोकांना .टीएक्सटी दिसलं, साधं पत्र समजून त्यांनी उघडलं आणि आत होती चालणारी स्क्रिप्ट. युक्ती आजही तीच आहे. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' मध्ये खरं एक्स्टेन्शन शेवटचं, म्हणजे ईएक्सई, विंडोजवर चालणारा प्रोग्राम. ईमेलमधून आलेल्या .ईएक्सई, .एससीआर, .बॅट, .व्हीबीएस, .जेएस फाइली उघडू नका, त्यांना चित्र पीडीएफचं लावलेलं असलं तरी. ते चित्रही बनवणाऱ्याला हवं ते लावता येतं.

आपल्याकडे सध्या याचा फटका मोबाइलवर बसतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' अशा नावाची फाइल येते आणि शेवटी असतं .एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते, ती कधीच अ‍ॅप नसते, आणि चलनही एपीकेमध्ये येत नाही. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण आधी त्याचा फोन ताब्यात घेऊन तिथून ती पुढे पाठवलेली असू शकते. इन्स्टॉल झालंच तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार नोंदवा. घरातल्या मोठ्यांना हे एकदा शेजारी बसून, फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं बोटाने दाखवून समजावून सांगा.

नावात काय चालत नाही

विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत: / \ : * ? " < > | . यातली पहिली तिरकी रेघ आपल्याला सगळ्यात जास्त नडते. '७/१२ उतारा' असं नाव देताच येत नाही. '७-१२' किंवा 'सातबारा' लिहा. जावक क्रमांक, ठराव क्रमांक, १५/०८ सारख्या तारखा, सगळीकडे तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ. तारीख वर्षापासून लिहिली, म्हणजे २०२४-०८-१५ अशी, तर फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. क्रमांक देताना १, २ ऐवजी ०१, ०२ द्या. विंडोजचं फोल्डर क्रम बरोबर लावतं, पण पेन ड्राइव्ह गाडीच्या म्युझिक सिस्टिमला किंवा टीव्हीला लावला तर १ नंतर १० येऊ शकतो.

टिंबांचं मराठीत जास्त होतं. श्री., डॉ., क्र., ता., जि. अशी टिंबं आपण सहज देतो. एक्स्टेन्शन जागेवर असेल तोवर बिघडत नाही. पण 'ठराव क्र.१२' या नावातलं .पीडीएफ गळलं, तर विंडोज 'क्र' नंतरचं '१२' हेच एक्स्टेन्शन धरतं आणि फाइलचा प्रकार '१२ फाइल' असा दाखवतं. नावात टिंबं टाळा, 'क्र १२' पुरेसं आहे.

फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि सगळ्यांची नावं वाक्याएवढी, असं केलं की फाइल कॉपी होत नाही. विंडोजच्या बऱ्याच सॉफ्टवेअर्सना ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांची मर्यादा आहे.

काही फाइलींचं नाव मुळीच बदलू नये. .डीएलएल, .सिस असलेल्या किंवा 'प्रोग्राम फाइल्स' मधल्या. टॅलीच्या डेटा फोल्डरमधल्या फाइलीही, कारण टॅली त्या स्वतःच्या नावांनी शोधतं. एक्सेलच्या एका फाइलमध्ये दुसरीची लिंक दिली असेल, किंवा पॉवरपॉइंटला बाहेरचा व्हिडिओ लिंक करून जोडला असेल, तर ती दुसरी फाइल आणि तो व्हिडिओ यांचं नाव बदलल्यावर लिंक तुटते. सादरीकरणाच्या सकाळी फोल्डर आवरायला घेऊ नका.

मराठीत नावं द्यावीत का?

जरूर द्यावीत. स्वतःच्या कॉम्प्युटरवर 'घरपट्टी २०२४' हे नाव शोधायला आणि घरच्यांना समजायला सोपं. तीन गोष्टी मात्र माहीत असू द्या.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह फोनमध्ये आणि लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी एक प्रणाली) ३ बाइट (साठवणीची जागा मोजायचं एकक) घेतं, आणि तिथे नावाला एकूण २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजली जातात. 'क्षे' एक अक्षर दिसलं तरी त्यात क, हलन्त, ष आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत. अर्जाचा पूर्ण विषय नावात लिहिला तर विंडोजवर चालतो आणि फोनवर कॉपी होताना अडतो.

दुसरी गोष्ट 'ऱ्य' ची. 'शेतकऱ्यांची यादी' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. त्यामुळे एकाच फोल्डरात अगदी एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात, आणि शोधताना एक सापडून दुसरी राहून जाऊ शकते. ऑफिसात दोघे-तिघे वेगवेगळ्या कीबोर्डवर काम करत असतील तर अशा शब्दासाठी नाव कॉपी-पेस्ट करणं बरं.

तिसरी, पोर्टलवर चढवायच्या फाइली. काही पोर्टल्स देवनागरी नाव घेत नाहीत. फाइलच्या वेबवरच्या लिंकमध्ये देवनागरी नाव इंग्रजी अक्षरं आणि अंकांत बदललं जातं, तेव्हा एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, 'अर्ज' एवढ्या छोट्या शब्दाची छत्तीस. जुन्या पद्धतीने बनवलेल्या झिपमधून काढल्यावर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून अर्जाबरोबर जायच्या फाइलींसाठी एक वेगळं फोल्डर करा, तिथे कॉपी ठेवा, आणि कॉपीला इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, छोटं नाव द्या. मूळ फाइल मराठी नावाने तुमच्या फोल्डरात तशीच राहू द्या.